विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लिखाणातल्या नेहमीच्या चुका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या मराठी आणि सेमी-इंग्लिश शाळांमधले शिक्षक, पालक आणि दहावी-बारावीची मुलं इंग्रजी लिखाणाबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतलं आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. वहीत ती रोमन लिपीतच लिहायची, हे सांगायला नको.

पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी दहावीच्या निबंधात त्याच त्या चुका कशा राहतात?

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे शब्द मुलांना बऱ्यापैकी माहीत असतात. घोडं अडतं ते वाक्य जुळवताना. वाक्य आधी डोक्यात मराठीत तयार होतं आणि मग एकेक शब्द बदलला जातो. शब्द इंग्रजी झाले तरी सांगाडा मराठीच उरतो.

चूक कुठून आली हे ओळखायची सोपी रीत आहे. चुकलेलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून परत मराठीत आणा. 'आय ॲम ॲग्री' उलटं फिरवलं की 'मी सहमत आहे' असं शुद्ध मराठी वाक्य हाती येतं. म्हणजे चूक मराठीतून आली. मराठीत 'सहमत' हे विशेषण आहे, त्याला 'आहे' लागतं. इंग्रजीत 'ॲग्री' स्वतःच क्रियापद आहे, त्याला 'ॲम' लागत नाही. 'ही डिड नॉट वेंट' मात्र कितीही उलटं फिरवा, त्यामागे कुठलंच मराठी वाक्य सापडत नाही. ती चूक इंग्रजीच्याच पोटातली.

पहिल्या जातीच्या चुकीसाठी दोन्ही भाषांची वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून दाखवावी लागतात. दुसऱ्या जातीला सराव लागतो. तिथे कारणं समजावण्यात तास घालवू नये.

एका पानात तीस चुका असतील तर सगळ्या दुरुस्त करायच्या का?

नाही. पान लाल करून परत दिलं की लेकरू फक्त गुण बघतं आणि वही मिटतं. तपासताना क्रम ठेवा: आधी वाक्याची रचना (कर्ता आहे का, क्रियापद आहे का), मग क्रियापदाचं रूप, मग वचन आणि आर्टिकल, सगळ्यात शेवटी स्पेलिंग. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण स्पेलिंग डोळ्यांना आधी खुपतं.

एका निबंधात चुकीच्या एक किंवा दोनच जाती धरा. बरोबर रूप लिहून देऊ नका. चुकलेल्या ओळीसमोर समासात फक्त खूण करा. काळाला 'का', आर्टिकलला 'आ', वचनाला 'व', प्रिपोझिशनला 'प्रि'. ओळीत चूक नेमकी कुठे आहे ते मुलाने शोधायचं. वर्गात साठ मुलं असली की खुणांनी शिक्षकाचा वेळही वाचतो.

मुलाने वहीच्या मागच्या पानांवर तीन रकाने आखायचे: चुकलेलं वाक्य, दुरुस्त वाक्य आणि त्याच नियमावरचं स्वतःचं एक नवीन वाक्य. तिसरा रकाना टाळला की पहिले दोन नुसती नक्कल होऊन बसतात.

'माय फादर आर अ फार्मर' असं मुलं का लिहितात?

कारण घरी ती वडिलांना मान देतात. 'माझे वडील शेतकरी आहेत' यातलं 'आहेत' आदरार्थी अनेकवचन आहे. इंग्रजीत ही सोय नाही. एक माणूस म्हणजे एकवचन, मग तो कितीही मोठा असो: 'माय फादर इज अ फार्मर'. चूक पुढच्या वाक्यातही सरकते: 'दे गेट अप ॲट फाइव्ह'. वाचणारा विचारात पडतो की उठले किती जण! तिथे 'ही गेट्स अप' हवं.

जयंतीच्या भाषणांत हीच चूक 'डॉक्टर आंबेडकर वेअर बॉर्न ऑन 14 एप्रिल 1891' अशी येते. तिथे 'वॉज बॉर्न' हवं. काही मुलं तर 'वॉज' गाळून नुसतं 'आंबेडकर बॉर्न' लिहितात, कारण 'जन्मले' हा मराठीत एकच शब्द आहे.

दुरुस्तीसाठी निबंधातल्या आदराच्या माणसांवर पेन्सिलने गोल करायला सांगा: वडील, आजोबा, सर, समाजसुधारक. प्रत्येक गोलासमोर आकडा लिहायचा. आकडा 1 असेल तर 'इज', 'वॉज', 'हॅज', 'ही' किंवा 'शी'. एवढं चार-पाच निबंधांत केलं की हात वळतो.

मुलगा स्वतःच्या मित्राबद्दल लिहितो आणि मध्येच 'हर सिस्टर' येतं. हे दुर्लक्षामुळे होतं का?

दुर्लक्ष नव्हे, हा मराठीचाच हिशेब आहे. 'त्याचा भाऊ, त्याची बहीण, त्याचं घर' यातला चा-ची-चं पुढच्या नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतो. 'त्याची'तली 'ची' ऐकून मुलाला स्त्रीलिंग जाणवतं आणि 'हर' लिहिलं जातं. इंग्रजी मागे बघते: वस्तू किंवा नातं कोणाचं आहे? मालक पुरुष असेल तर बहीण, आई, सायकल, काहीही असो, 'हिज'च. मालकिणीचं सगळं 'हर'. मुलाला एवढंच सांगा: 'हिज' किंवा 'हर' दिसलं की त्या शब्दापासून मालकापर्यंत मागे बाण काढ. बाण ज्याच्यावर थांबेल त्याचं लिंग बघ.

'ही गो', 'शी डोंट', 'दे गोज' यांचा गोंधळ कसा सोडवायचा?

नामाला 'एस' लावला की अनेकवचन होतं, आणि क्रियापदाला लावला की एकवचन. हा गोंधळ इंग्रजीनेच घालून ठेवला आहे, मुलांना दोष देऊन उपयोग नाही. कामचलाऊ कानमंत्र: कर्ता आणि क्रियापद या दोघांत 'एस' एकालाच. 'द बॉय प्लेज', 'द बॉइज प्ले'. 'मेन', 'चिल्ड्रन', 'बस' अशा शब्दांना तो लागू पडत नाही, हेही त्याच तासाला सांगून टाका. 'आय', 'यू', 'वी' आणि 'दे' यांच्यासोबत क्रियापद मूळ रूपातच राहतं.

कर्ता लांबला की मोठी मुलंही चुकतात. 'द केव्ह्ज ऑफ अजिंठा इज फेमस' इथे क्रियापदाला सर्वांत जवळचा शब्द 'अजिंठा' आहे, म्हणून 'इज' येऊन बसलं. कर्ता 'केव्ह्ज' आहे, म्हणून 'आर'. 'वन ऑफ माय फ्रेंड' ही त्यातलीच जोडचूक: 'मित्रांपैकी एक' यात मराठीलाही अनेकवचनच लागतं, म्हणून 'वन ऑफ माय फ्रेंड्स', आणि क्रियापद मात्र त्या एकाचं, 'इज'.

घरची बोली इंग्रजीच्या आड येते का?

उलट, एका ठिकाणी ती मदतच करते. लातूर-नांदेडकडे सर्रास 'मी जेवण केलो', 'मी काम केलो' असं बोलतात. प्रमाण मराठीत भूतकाळात क्रियापद कर्माकडे झुकतं: मी काम केलं, मी भाकरी खाल्ली. बोलीतलं 'केलो' कर्त्याला धरून आहे, आणि इंग्रजीत क्रियापद नेहमी कर्त्यालाच धरतं. मराठीच्या पेपरात 'केलो' खोडलं जातं, पण इंग्रजीच्या तासाला त्याच्यावरूनच कर्ता-क्रियापद संबंध झटकन समजावता येतो.

'डिड नॉट वेंट' किती वेळा सांगूनही जात नाही. काय करावं?

काळाचं ओझं एका वाक्यात एकाच शब्दाने उचलायचं. 'डिड' आला की त्याने ते उचललं, मागचं क्रियापद मूळ रूपात: 'डिड नॉट गो'. 'डज'चंही तसंच: 'डज शी गो', 'गोज' नाही. रोज दहा क्रियापदं घ्या आणि होकारी, नकारी, प्रश्नार्थी अशी तीन रूपं तोंडी म्हणून घ्या. वेंट, डिड नॉट गो, डिड ही गो? पंधरा दिवसांत फरक दिसतो. लिहून घेण्यापेक्षा तोंडी बरं, कारण ही चूक जिभेची आहे.

'बुक लाइक्स मी' लिहिणाऱ्या मुलाला नेमकं काय समजावायचं?

मराठीत आवडणं, वाटणं, कळणं, हवं असणं, भूक लागणं, ताप येणं या सगळ्यांत माणूस 'मला' म्हणून बाजूला उभा असतो आणि गोष्ट त्याच्याकडे येते. पुस्तक मला आवडतं, ताप मला येतो. इंग्रजी माणसाला धरून पुढे आणते आणि कर्ता करते: आय लाइक, आय थिंक, आय अंडरस्टँड, आय वाँट, आय ॲम हंग्री, आय हॅव अ फीवर. म्हणून नियम एकच. मराठी वाक्य 'मला'ने सुरू झालं तर इंग्रजी वाक्य 'आय'ने सुरू करून बघ. दहापैकी आठ-नऊ वेळा जमतं.

'मला दोन भाऊ आहेत' याचं 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' होतं, तेही चूक. भाऊ असणं ही चालू क्रिया नाही. 'आय हॅव टू ब्रदर्स'. 'नो', 'लाइक', 'बिलीव्ह', 'वाँट' यांनाही सहसा 'आयएनजी' लावत नाहीत.

अ, ॲन आणि द: मराठीत आर्टिकलच नाही, मग शिकवायचं कसं?

अ की ॲन, हा प्रश्न देवनागरीच सोडवते. इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. अवर, ऑनेस्ट, एमएलए, अंब्रेला: स्वर, म्हणून 'ॲन'. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-रुपी नोट: य आणि व ही व्यंजनं, म्हणून 'अ'. रोमन स्पेलिंगकडे बघणारा इथे हमखास फसतो आणि 'ॲन युनिव्हर्सिटी' लिहितो.

खरा त्रास आर्टिकल गाळण्याचा आहे. 'माय ब्रदर इज टीचर', 'वी हॅव वेल'. मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत सहसा उघडं राहत नाही. त्याच्या डोक्यावर अ, ॲन, द, माय, हिज, धिस असं काहीतरी हवं. तपासताना मुलाने फक्त एकवचनी नामं शोधायची आणि डोकं झाकलेलं आहे का ते पाहायचं.

अ आणि द यांतला फरक मराठी क्रमातून दाखवा. 'आमच्या शेतात एक विहीर आहे. ती विहीर 1972 च्या दुष्काळात खोदली.' पहिल्यांदा ओळख करून देताना 'एक', नंतर 'ती'. इंग्रजीत तेच: आधी 'अ वेल', मग 'द वेल'. नावांचं मात्र पाठ करावं लागतं. नदीला 'द' लागतो: द गोदावरी, द मांजरा. गाव आणि जिल्हा उघडे: परभणी, हिंगोली. मराठवाड्याला 'द' नाही, पण दख्खनच्या पठाराला आहे, 'द डेक्कन'. यामागे कारण शोधत बसू नका.

प्रिपोझिशनच्या चुका सर्वांत जास्त का होतात?

कारण आपला एक प्रत्यय इंग्रजीत चार ठिकाणी फुटतो, आणि कधी कधी साफ नाहीसा होतो. 'ला' घ्या. 'त्याला विचारलं'चं 'आस्क्ड टू हिम', 'त्याला सांगितलं'चं 'टोल्ड टू हिम', 'जालन्याला पोचलो'चं 'रीच्ड टू जालना'. या तिन्हीत 'टू' नको. 'घरी गेलो' मध्येही नको, 'वेंट होम'. पण 'शाळेला गेलो' मध्ये हवा, 'वेंट टू स्कूल'.

'वर' आला की 'ऑन' लिहिण्याचा मोह होतो: अँग्री ऑन हिम, बिलीव्ह ऑन गॉड. बरोबर रूपं 'अँग्री विथ', 'बिलीव्ह इन'. 'ने'चं बघा: 'बसने' म्हणजे 'बाय बस', पण 'कुऱ्हाडीने' म्हणजे 'विथ ॲन ॲक्स'. वाहनाला 'बाय', हातातल्या हत्याराला 'विथ'. 'गणितात हुशार' हे 'गुड ॲट मॅथ्स'. 'च्याशी लग्न' यात 'मॅरिड विथ' नाही, 'मॅरिड टू'. आणि 'डिस्कस' नंतर 'अबाउट' नाही, 'चर्चा केली' एवढ्यातच ते आलं.

यादी पाठ करून हे टिकत नाही. क्रियापद आणि प्रिपोझिशन एकच शब्द असल्यासारखे जोडून लिहायचे, तेही वाक्यात. रोज तीन पुरेत.

'सिन्स फाइव्ह इयर्स' चूक कसं?

'पाच वर्षांपासून' आणि '2019 पासून' दोन्हीकडे आपण 'पासून' म्हणतो. इंग्रजी विचारते: सुरुवात सांगतोस की लांबी? सुरुवातीला 'सिन्स', लांबीला 'फॉर'. पुढे आणखी एक खड्डा आहे. 'मी पाच वर्षांपासून लातूरला राहतो' यात 'राहतो' वर्तमानकाळ आहे, म्हणून मुलं 'आय लिव्ह' लिहितात. तिथे 'आय हॅव लिव्ड इन लातूर फॉर फाइव्ह इयर्स' असंच हवं.

तारीख दिली तरी मुलं 'हॅज' किंवा 'हॅड' का लावतात?

'हॅज' भारदस्त वाटतो म्हणून. तारीख, वार, 'काल', 'गेल्या वर्षी' असं संपलेल्या वेळेचं काही आलं की साधा भूतकाळ, बस. 'मराठवाडा हॅज बिकम फ्री ऑन 17 सप्टेंबर 1948' चूक. 'बिकेम फ्री' बरोबर. किल्लारीच्या भूकंपावर लिहितानाही तसंच: 'द अर्थक्वेक स्ट्रक किल्लारी ऑन 30 सप्टेंबर 1993'. 'हॅड' फक्त दोन जुन्या घटनांतली आधीची कुठली, ते दाखवायला.

'रमेश सेड दॅट आय विल कम' यात चूक कुठे आहे?

व्याकरण म्हणून ओळ ठीक दिसते, पण अर्थ पार बदलतो. 'रमेश म्हणाला की मी येईन' या मराठी वाक्यात 'की' नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे राहतात, आणि 'मी' म्हणजे रमेश. इंग्रजीत 'दॅट' नंतर 'आय' म्हणजे लिहिणारा स्वतः. म्हणून 'रमेश सेड दॅट ही वुड कम'. आधी सर्वनाम, मग काळ, मग वेळेचा शब्द (टुमॉरोचं 'द नेक्स्ट डे'), या क्रमाने बदलायचं. क्रम सोडला की एक तरी बदल राहतोच.

'ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग' यात प्रश्न आत गेल्यावर त्याची प्रश्नार्थी उलटापालट सरळ करावी लागते: 'व्हेअर आय वॉज गोइंग', शेवटी प्रश्नचिन्हही नाही. शिवाय 'टेल'ला माणूस लागतो, 'ही टोल्ड मी दॅट'. 'से'ला लागत नाही.

'ऑलदो... बट' आणि 'अनटिल... नॉट' या जोड्या का चुकतात?

जरी-तरी आणि जोपर्यंत-तोपर्यंत या आपल्या जोड्या आहेत. इंग्रजीत 'ऑलदो' किंवा 'बट', दोन्हींपैकी एकच. 'जोपर्यंत पाऊस येत नाही तोपर्यंत' यातलं 'नाही' तर इंग्रजीत पूर्ण गळतं: 'अनटिल द रेन्स कम'. 'अनटिल' मध्येच तो नकार आहे.

काही वाक्यांत व्याकरण बरोबर असूनही इंग्रजी विचित्र का वाटतं?

'काढणे' हे एकच क्रियापद घ्या. फोटो काढला, सोयाबीन काढलं, रांगोळी काढली, कर्ज काढलं. मुलाला 'रिमूव्ह' एवढाच शब्द माहीत असतो आणि तो 'वी रिमूव्ह्ड सोयाबीन' लिहितो, म्हणजे सोयाबीन उपटून फेकून दिलं! इंग्रजीत हे अनुक्रमे टेक, हार्वेस्ट, ड्रॉ आणि टेक आउट. 'लागणे'चंही तसंच: नोकरी लागली (गॉट अ जॉब), आग लागली (कॉट फायर), वेळ लागला (टुक टाइम). 'चूक करणे' याला 'मेक', 'डू' नाही. मुलाकडून क्रियापद आणि नाम जोडीनेच पाठ करून घ्या. सुटा शब्द आणि त्याचा मराठी अर्थ अशी यादी इथे कुचकामी.

कॅपिटल अक्षरं आणि विरामचिन्हं?

देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही, म्हणून विसर पडतो. वाक्याची सुरुवात, 'आय', माणसांची व गावांची नावं, वार, महिने, भाषांची नावं, एवढं पुरे. 'बिकॉज इट रेन्ड.' असं तुटक वाक्य मुलं लिहितात, कारण मराठीत 'कारण पाऊस आला.' चालतं. ते आधीच्या वाक्याला जोडायचं.

रजेच्या अर्जातल्या ठरावीक चुका कोणत्या?

'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर फ्रॉम लास्ट टू डेज' या ओळीत 'फ्रॉम लास्ट' चूक आहे. साधं लिहा: 'आय हॅव हॅड अ फीवर सिन्स मंडे. प्लीज ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज.' 'बेग टू स्टेट' ही जुन्या कचेऱ्यांची भाषा, ती सोडून द्या. अर्जाच्या शेवटी 'युअर्स' शब्दात ॲपॉस्ट्रॉफी नसते. आणि ओळख देताना 'मायसेल्फ' नाही, 'आय ॲम'.

ग्रामर तपासणारं ॲप वापरू द्यावं का?

आधी स्वतः तपासल्यावर. ॲप 'सिन्स फाइव्ह इयर्स' सहसा पकडतं, गळालेलं आर्टिकलही पकडतं. पण 'हिज'च्या जागी 'हर' किंवा रमेशच्या जागी 'आय' आलं तर वाक्य व्याकरणात बसतं, आणि ॲप गप्प राहण्याचीच शक्यता जास्त. ॲपने केलेला बदल कोणत्या नियमाने झाला ते मुलाला सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर बदल पुसून जुनं वाक्य ठेवावं आणि शिक्षकांना विचारावं.

परीक्षेत शेवटची दहा मिनिटं उरली. काय तपासायचं?

सगळं एकदम वाचू नका. डोळा स्वतःचं लिखाण बरोबर धरूनच चालतो. शेवटच्या वाक्याकडून पहिल्याकडे या, म्हणजे ओघ तुटतो आणि चूक दिसते. पहिली फेरी क्रियापदांची, पाच मिनिटं: 'एस' हवा का, तारीख आहे का, 'डिड' मागे मूळ रूप आहे का. दुसरी तीन मिनिटं: उघडी एकवचनी नामं. उरलेली दोन: कॅपिटल आणि पूर्णविराम. दुरुस्त करताना एक आडवी रेघ मारून वर लिहा, अक्षरावर अक्षर गिरवू नका.

घरात कुणाला इंग्रजी येत नसेल तर पालकांनी कशी मदत करायची?

वहीतल्या वाक्यावर बोट ठेवून 'हे मराठीत सांग' म्हणा. मग तीनच प्रश्न: कोणाचं? केव्हाचं? किती? 'कोणाचं' विचारलं की हिज-हर सापडतं, 'केव्हाचं' विचारलं की काळ, 'किती' विचारलं की वचन आणि आर्टिकल. उत्तर देताना लेकरू अडखळलं तर तिथे पेन्सिलने टिंब काढा आणि दुसऱ्या दिवशी ती वही सरांना किंवा मॅडमना दाखवायला सांगा.